बाई, ते घोरणं नाही

भोंग्याला ‘भोंगा’ हे नाव कुणी ठेवलं, यावर त्या घरात एकमत नव्हतं. बायको म्हणायची, नणंदेनं ठेवलं. नणंद म्हणायची, मी कशाला ठेवतेय, माझ्या भावानं ते पाळण्यातच स्वतःच्या हिमतीवर कमावलं. नाव ज्याचं होतं तो या वादात कधी पडला नाही, कारण वाद रंगात यायचा तेव्हा तो घोरत असायचा.

गाद्यांचा कारखाना त्यांचा. कारखाना आपला म्हणायचा म्हणून. एक लांबट खोली, एका भिंतीला स्प्रिंगांच्या जाळ्या उभ्या केलेल्या, दुसरीकडे फोमचे थर, मधे कापायचं मोठं टेबल, खिडकीपाशी शिलाई मशीन. मशीनवर नणंद खोळी शिवायची. स्प्रिंगा बसवणं, ताणणं, बांधणं हे भोंग्याचं काम. आणि गादी तयार झाली की तिला पास-नापास करायचं ते बायकोनं. गल्लीत सगळे तिला गादीवाली म्हणत, जणू भोंगा तिथे पाहुणा आला होता.

पास करायची तिची पद्धत अशी: गादीशेजारी गुडघे टेकायचे, हातावर हात ठेवायचा, कोपरं ताठ, अंगाचं सगळं वजन तळहातात आणून दाबायचं. मग सोडायचं. दाबायला काय, कुणीही दाबेल. खरं काय ते सोडताना कळतं. हात वर घेतला की गादी त्याच्या मागोमाग आली पाहिजे, ‘कुठे निघालीस’ म्हणत. याला ते उसळी म्हणत. उसळी नसलेली गादी ‘मेली’. मग भोंगा कुरकुरत ती उसवायचा. तिच्या हाताला गादी फसवू शकत नाही, हे नणंदसुद्धा कबूल करायची, आणि नणंदेनं वहिनीचं काही कबूल करणं म्हणजे दगडाला पाझर.

जेवण झालं की त्या दिवशीच्या नव्या गादीवर भोंगा आडवा व्हायचा.

“अहो, गिऱ्हाईक आलं तर काय सांगू?”

“सांग, माल पारखतोय.”

“डोळे मिटून?”

“गादी काय डोळ्यांनी पारखतात?”

आणि मग तो सूर. खिडकीच्या काचा ऐकायच्या, समोरच्या पोहण्याच्या तलावावरची माणसं ऐकायची. गादीवाली उठायची, त्याच्या खांद्याला कोपर लावायची, ढकलायची. तो अर्धवट जागा होऊन म्हणायचा, “मी घोरत नव्हतो.” ती म्हणायची, “मग मी घोरत होते.” तो म्हणायचा, “असेल.” आणि कुशीवर वळायचा. आवाज बंद. एवढ्या संसारात या दुखण्याला कधी दुसरं औषध लागलं नाही.

■

त्या दुपारी सूर वेगळा लागला.

एक लांब, खेचून आणलेला घोर. मग काहीच नाही. मग बऱ्याच वेळानं पुन्हा एक.

“वहिनी,” नणंद मशीन न थांबवता म्हणाली, “आज भोंग्याची बॅटरी उतरली बघ.”

“चार्ज करते,” गादीवाली म्हणाली. दोघी हसल्या.

ती हसत हसतच गेली. खांद्याला कोपर लावलं. ढकललं.

भोंगा वळला.

नुसता वळला. ‘मी घोरत नव्हतो’ नाही, काही नाही. खांदा कोपराबरोबर गेला, खांद्यामागून मान गेली, आणि हात गादीच्या कडेवरून खाली लोंबला. इतक्या वर्षांत हा माणूस वाद न घालता कधी कुशीवर वळला नव्हता.

“अहो.”

ओठ पेन्सिलीच्या शिशाच्या रंगाचे.

“अहो! वन्सं, इकडे या. वन्सं!”

मशीन थांबलं.

■

ॲम्ब्युलन्सला फोन नणंदेनं लावला. आवाज मोठा करून तिनं तो गादीवर ठेवला. पलीकडे बाईच होती. आवाजात घाई नव्हती, आणि ढिलाईही नव्हती.

“हाक मारली की ओ देतायत का?”

“नाही.”

“श्वास चालू आहे?”

“आहे, आहे. घोरतायत.”

“सलग घोरतायत?”

“नाही... मधूनच एखादा. मोठा. तोंड उघडतात आणि...” गादीवाली थांबली. तोंड उघडताना तिनं पहिल्यांदाच नीट बघितलं. “मासा पाण्याबाहेर काढल्यावर कसा करतो, तसं.”

पलीकडे एक श्वास.

“बाई, ते घोरणं नाही.”

■

ते घोरणं नाही. मग काय आहे, हे फोनवरच्या बाईनं तेव्हा सांगितलं नाही, सांगायला वेळ नव्हता. आपण सांगू, कारण आपल्याला थोडी सवड आहे आणि गादीवालीला नव्हती.

आपल्या मुठीएवढं ते हृदय. सगळे म्हणतात बंद पडलं, पण पुष्कळदा ते लगेच बंद पडत नाही. ते थरथरतं. त्याचा धागा न् धागा जिवंत असतो, कामाला लागलेला असतो, पण प्रत्येक जण आपापल्या मनानं. कुणी आत ओढतंय, कुणी बाहेर सोडतंय, कुणाचा कुणाला पत्ता नाही. लग्नघरात सगळेच मानकरी झाले आणि पानं वाढायला कुणीच उरलं नाही, तसं. धडपड भरपूर, आणि रक्त जागच्या जागी. डोक्याकडे काही जात नाही. मग डोक्याच्या मुळाशी, जिथे आपला हुकूम चालत नाही तिथून, छातीला एक शेवटचं फर्मान सुटतं: ओढ. छाती ओढते. घोर ऐकू येतो. घरातले म्हणतात, चला, श्वास तरी आहे.

श्वास नसतो.

■

“त्यांना उताणं करा. छातीच्या मधोमध हाताची टाच. दुसरा हात त्यावर. कोपरं ताठ. जोरात दाबा, पटापट. मी ताल देते. दाबल्यावर पूर्ण सोडा, छाती परत वर येऊ द्या. दाबा... दाबा... दाबा...”

गादीवालीला हे कुणी शिकवायला नको होतं. गुडघे, हातावर हात, कोपरं, वजन: सगळं अंगात होतं. दाबलं. सोडलं. हाताच्या मागोमाग वर आलं. दाबलं. सोडलं. ताल सुटला नाही, हात सरकला नाही. भीतीच्या आत कुठेतरी तिला बारीकसा धीर आला: हे मला जमतंय.

“छान. खोल जातंय ना?”

“जातंय.”

“पूर्ण वर येतंय?”

“येतंय. उसळी चांगली आहे.”

“उसळी?”

“हो, एकदम—”

“बाई, ते कशावर आहेत?”

“गादीवर.”

“कसली गादी?”

“स्प्रिंगची. आजच बांधली आम्ही, पहिल्या प्रतीची—”

आणि म्हणता म्हणता तिचं तिलाच कळलं. छाती दबत नव्हती. छातीखालची गादी दबत होती. ती दाबत होती, भोंगा पाटासारखा आख्खा खाली जात होता, आख्खा वर येत होता, आणि त्यानंच सकाळभर खपून बसवलेली एकेक स्प्रिंग तिच्या वजनातला कण न् कण गिळून तिला परत देत होती. सवयीचा हात. आयुष्यभर गादी ओळखली, म्हणून गादीलाच ओळखलं.

“जमिनीवर घ्या. आत्ता.”

■

“डोकं! वहिनी, डोकं धर!”

“धरलंय, तुम्ही पाय ओढा!”

“अगं केवढा जड झालाय हा!”

“तुम्हीच घातलंत त्यांना ताट भरभरून!”

“मी घातलं? मी?”

धप्प.

■

जमिनीवर छाती जाईना.

हे तिला अपेक्षित नव्हतं. माणूस इतका कडक असतो? रोज शेजारी झोपणारा?

“जात नाहीये हो.”

“जाईल. सगळं वजन टाका. करंगळीएवढं खोल गेलं पाहिजे.”

तिनं वजन टाकलं. तळहाताखाली काहीतरी कटकन वाजलं. हात भाजल्यासारखा तिनं उचलला.

“हाड मोडलं! मी त्यांचं हाड मोडलं!”

“मोडू दे. हाड जुळतं. थांबू नका, बाई. थांबायचं नाही. दाबा.”

तिनं दाबलं. या वेळी गेलं.

“आसपास कुठे शॉकचं मशीन असेल? जिम, मोठं दुकान—”

“समोर तलाव आहे पोहायचा,” नणंद म्हणाली.

“पळा.”

आणि जी बाई जिना चढताना पायरीगणिक गुडघ्यांना शिव्या देत असे, ती पळाली.

■

दाब.
सोड.

दाब. आता खोलीत ती, तो आणि गादीवरचा फोन.
सोड.

दाब. हात छातीवर पडतो तेव्हा मुठीएवढी ती थरथरती पिशवी छातीचं हाड आणि पाठीचा कणा यांच्यात चेपते, आणि घोटभर रक्त वर जातं.
सोड. हात उठतो तेव्हा ती पुन्हा भरते. सोडणं ही विश्रांती नाही. सोडणं हे अर्धं काम आहे.

दाब. घोटभर रक्त मानेतून चढतं. तिथे वर, कवटीच्या अंधारात, एक आख्खा माणूस जेमतेम तगून बसलाय: त्याचे विनोद, त्याची कुरकुर, बायको रुसली की आधी कुणी बोलायचं याचे त्याचे नियम.
सोड.

दाब. घोटभर त्या नियमांना.
सोड.

दाब. घोटभर, लहानपणी बहिणीनं याला पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडला होता त्या आठवणीला.
सोड.

दाब. तिच्या खांद्यात आग. कपाळावरचा घाम त्याच्या शर्टावर. हृदय म्हणजे हे, तिला वाटलं. इतकं काम. इतकं काम हे दिवसरात्र करत होतं, आणि हा माणूस वर तोंड करून म्हणायचा, आज काही केलंच नाही बुवा.
सोड.

“अहो,” ती दाबता दाबता म्हणाली, “ऐका, मी थांबणार नाही. कळलं? तुम्ही काय वाट्टेल ते करा.”

“बरोबर आहे,” फोन म्हणाला. “बोलत राहा. दाबा.”

दाब.

■

तलावावरचे पोहण्याचे मास्तर आले ते ओल्या चड्डीत, खांद्यावर टॉवेल, काखेत डब्यासारखं मशीन. मागून नणंद, तिला श्वास पुरत नव्हता, हातानंच भावाकडे दाखवत होती, जणू खोलीत चुकून दुसरंच कुणी सापडेल.

“काकू, मी घेतो. तुम्ही दमलात.”

“नाही.”

“दमलेला हात वरवर दाबतो. जरा वेळ मी, मग तुम्ही. एक, दोन, आता—”

हात बदलले. मधे फट पडली नाही. गादीवालीनं टेबलावरची कापडाची मोठी कात्री घेतली आणि शर्ट खालून वर उभा कापला. मास्तरांनी टॉवेल फेकला, तिनं छाती पुसली. मशीन उघडल्याबरोबर बोलायला लागलं. ठाम, कोरडा आवाज: पॅड चित्रात दाखवल्याप्रमाणे लावा. एक उजवीकडे, गळ्याच्या हाडाखाली. एक डाव्या काखेखाली, बरगड्यांवर. तिच्या हातांना चिकटवण्याची, गुळगुळीत करण्याची सवय होती. एक सुरकुती राहिली नाही.

*तपासणी सुरू आहे. रुग्णाला स्पर्श करू नका.*

मास्तरांनी हात वर केले.



*शॉकची गरज आहे. सर्वांनी बाजूला व्हा.*

“सगळे बाजूला! मावशी, पाय सोडा.”

नणंदेनं भावाचा अंगठा धरला होता. पायाचा. मुठीत गच्च.

“मावशी, पाय!”

“मी कुठे काय करतेय, नुसता धरलाय—”

“वन्सं, सोडा!”

तिनं सोडला.

मास्तरांनी चमकणारं बटण दाबलं

 

 

 

 

 

आणि या एवढ्या कोऱ्या जागेत काय झालं, ते गादीवालीनं पुढे एका डॉक्टरीणबाईंना विचारलं. तिला वाटायचं, शॉक म्हणजे धक्का स्टार्ट. गाडी ढकलतात तसं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही, उलट. शॉक हृदय चालू करत नाही. शॉक ते थांबवतो.

“थांबवतो?”

“थरथर थांबवतो. सगळे धागे एकदम गप्प. क्षणभर काहीच नाही.”

“म्हणजे तेव्हा ते पुरतेच...”

“तेव्हा शांतता असते, एवढंच म्हणते मी. गोंगाटात ज्याचा आवाज दबला होता, त्याला बोलायला जागा मिळावी म्हणून. हृदयात वरच्या बाजूला एक इवलीशी जागा असते. ठोका तिथून निघतो. सगळं नशीबवान असेल तर ती पुन्हा पहिला ठोका टाकते, आणि बाकीचे ऐकतात.”

“आणि तिला कोण सांगतं, टाक म्हणून?”

“कुणी नाही. ती आपली आपण टाकते.”

“आपली आपण म्हणजे कसं?”

डॉक्टरीणबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, खूप शिकलेलं सगळं एकदम ओठांवर आलं असावं, आणि मग त्यांनी नुसतेच हात पसरले. 

पण हे पुढचं. आत्ता

 

भोंग्याचं अंग एकदा उडालं आणि पडलं.

*आता छाती दाबायला सुरुवात करा.*

कुणी हललं नाही. तिघंही त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता उठेल. आता काहीतरी म्हणेल.

“बघत बसू नका!” फोनवरची ओरडली, पहिल्यांदाच. “शॉक लागला की लगेच दाबायचं! ते हृदय दमलंय, त्याला हात द्या!”

गादीवाली पुढे झाली. दाब. सोड. मोडलेली हाडं तळहाताखाली हलत होती, ती आता त्यांना घाबरली नाही. मग मास्तर. मग पुन्हा ती. नणंद भिंतीला टेकून काहीतरी पुटपुटत होती; देवाचं नाव असेल असं मास्तरांना वाटलं, पण ती भावाला शिव्या देत होती, एकामागून एक, लहानपणापासूनच्या, क्रमवार.

*तपासणी सुरू आहे. स्पर्श करू नका.*

हात वर.

*शॉकची गरज नाही.*

“गरज नाही?” नणंद म्हणाली. “म्हणजे बरा झाला?”

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

“म्हणजे... गेला?”

“मावशी, मशीन एवढंच सांगतं की शॉक देण्याजोगं काही दिसत नाही. ठोका परत आला असेल तरी हेच म्हणतं. आणि काहीच उरलं नसेल, तरी हेच.”

“मेल्या, मग ते आहे कशाला!”

“दाबा,” फोन म्हणाला. “ॲम्ब्युलन्स तुमच्या गल्लीत वळलीय. दाबा, बाई.”

गादीवालीनं त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हात ढिला पडला असता. तिनं आपल्याच नखांकडे नजर लावली आणि दाबलं. दोन्ही शक्यता तिच्या तळहाताखाली शेजारी शेजारी होत्या, आणि दोन्हींसाठी काम एकच होतं. दाब. सोड. दाब.

सोड.

दाब.

तिच्या मनगटाला काहीतरी लागलं.

तिला वाटलं मास्तर, पाळी बदलायला. “एवढं करते, मग घ्या,” ती म्हणाली आणि दाबलं. पुन्हा लागलं. बोटं होती. गार, जाड, सुतळीनं चिरा पडलेली बोटं, आणि ती तिचं मनगट धरून बाजूला ढकलत होती. जोर काहीच नव्हता. चिडकेपणा मात्र होता.

मास्तरांचे हात रिकामे, दोन्ही, त्यांच्या डोक्यावर होते.

“काय झालं?” फोननं विचारलं. “ताल का सुटला?”

“हात,” गादीवाली म्हणाली. “हात ढकलतायत माझा.”

“कोण?”

“हे.”

 मग त्या न चुकणाऱ्या, न घाबरणाऱ्या आवाजात एक तडा गेला आणि तो म्हणाला, “मग थांबा. थांबा, बाई. आता बघा, श्वास बघा.”

तिनं हात उचलले. थोडेच. करंगळीएवढेच.

ॲम्ब्युलन्सवाले धाडकन आत आले, पेटी आपटली, आणि जमिनीवरचं बघून तेही दबक्या पावलानं चालायला लागले. एकानं गुडघा टेकून मानेशी दोन बोटं लावली, डोळे मिटले, आणि दुसरा हात वर केला: गप्प. दारात गल्ली जमली होती, तीही गप्प झाली. नणंदेच्या तोंडात अर्धी शिवी तशीच राहिली.

छाती वर आली.

सगळ्यांनी बघितलं. कुणी तिला दाबलं नव्हतं, कुणी सोडलं नव्हतं. ती वर येऊन जरा थांबली, जणू पुढचं विसरली, आणि मग खाली गेली. मग पुन्हा आली. त्या खोलीत प्रत्येकाच्या अंगात तेच चाललं होतं, जन्मल्यापासून, फुकट, आणि तरीही कुणाला नजर हलवता येईना. गादीवालीचे दोन्ही हात तसेच हवेत होते, त्याच्यावर, आणि खाली ती मोडकी, पुसलेली, उघडी छाती आपली आपण वर येत होती, खाली जात होती.